किरणांची वाटणी

जावाजावांचा उभा दावा, असं जग म्हणतं. आमच्या घरात तो दावा कधी नव्हता, कारण घरी भांडायला आम्हाला वेळच मिळायचा नाही. आम्ही भांडायचो ते हॉस्पिटलात, आणि तेही पगारी वेळेत.

मी थोरली, ती धाकटी. माझ्या नवऱ्याच्या पाठच्या भावाची बायको. घर एकच; खाली आम्ही, वर ते. हॉस्पिटलही एकच, आणि नशिबाने विभागसुद्धा एकच. तळमजल्याच्या अगदी टोकाला, जिथे पेशंटच्या शिरेत किरण सोडणारं औषध टोचतात आणि मग मोठ्या यंत्रात त्याच्या सगळ्या अंगाचं चित्र काढतात. कॅन्सर कुठे दबा धरून बसलाय, हाडात उतरलाय का, उपचारांनी मागे हटलाय का, ते त्या चित्रात दिसतं. औषध टोचायचं काम धाकटीचं. आणि टोचणाऱ्यांच्या अंगावर किती किरण पडतात त्यावर डोळा ठेवायचं काम माझं. पूर्वी मीसुद्धा टोचायचे. मग परीक्षा दिली, पास झाले, सुरक्षा अधिकारी झाले, आणि तेव्हापासून मी खोलीत शिरले की गप्पा थांबतात.

"घरात सासू नाही म्हणून काय झालं, कामावर आहे ना," असं पैलवान म्हणतो. माझ्या माघारी म्हणतो, पण मला ऐकू येईल अशा बेताने. पैलवान म्हणजे आमचा दुसरा तंत्रज्ञ. फुंकर मारली तर उडेल असा किडकिडीत, म्हणून पैलवान. तिसरी चिमणी. नुकतंच लग्न झालेली, कामाला चोख, पण सुई हातात आली की पेशंटच्या आधी हिचाच चेहरा पांढरा पडायचा. या तिघांच्या वर मोठे डॉक्टर. ते चित्रं वाचतात आणि बाकीच्या जगाकडे चष्म्याच्या वरून बघतात.

आता धाकटीचा हात. काय सांगू! आमच्याकडे येतात त्यांच्या शिरा उपचारांनी पार वाळून गेलेल्या असतात. वरच्या वॉर्डातून नर्सचा फोन येतो, "यांना शीरच नाही हो." धाकटी फोन ठेवते आणि म्हणते, "शीर नाही तर माणूस जिवंत कसा आहे, ते विचारायला हवं होतं." मग ती त्या माणसाचा हात हातात घेणार. काम काय करता, घरी कोण कोण, मुलगी कुठे असते, जावई बरा आहे का, अशी सगळी चौकशी. बोलता बोलता बोटाने चाचपत असते. पेशंट जावयाच्या तक्रारी सांगायला तोंड उघडतो तोवर टोचून झालेलं असतं. एकाच टोचणीत. लोक वरच्या मजल्यावरून निरोप पाठवतात, "त्या बाईच असतील तरच येतो." मला तिचा हेवा वाटतो का? वाटतो. मीही हे काम केलंय, आणि मला ते तसं कधीच जमलं नाही. पण हेव्याच्या दसपट कौतुक वाटतं.

आणि याच्यावर कळस म्हणजे तिचे आकडे. आम्ही सगळे छातीवर बॅज लावतो. जे टोचतात ते बोटात एक प्लास्टिकची अंगठीही घालतात. तिच्यात डाळीएवढी एक चकती असते. बोटांवर किती किरण पडले ते ती टिपून घेते. दर तीन महिन्यांनी हे सगळं तपासणीला जातं आणि आकडे येतात. सगळ्यांत जास्त टोचणारी धाकटी, आणि अंगठीचा आकडा सगळ्यांत कमी धाकटीचाच. मोठे डॉक्टर पाहुण्यांना सांगायचे, "कौशल्य असलं की किरणसुद्धा वाटेला जात नाहीत." मीही घरी बढाया मारायचे.

बढाया मारल्या, पण माझी नोकरीच संशय घ्यायची आहे. एक दिवस आकडे समोर घेऊन बसले आणि डोक्यात किडा वळवळला. पैलवानापेक्षा दुप्पट टोचते आणि आकडा त्याच्या निम्मा? हात कितीही सफाईदार असला तरी औषध काही तिची ओळख ठेवत नाही! मला वाटलं, ही अंगठी काढून ठेवते. काही लोक ठेवतात. आकडा वाढला की टोचण्यावरून काढतात, म्हणून अंगठी खणात आणि हात कामात. माझं टाळकंच सटकलं. घरचं माणूस म्हणून सूट दिली असं कुणी म्हणू नये, म्हणून मी तिच्यावर आधीच इतरांपेक्षा जास्त ओरडायचे. आता तर न सांगता जाऊन उभी राहिले.

खुर्चीत एक म्हातारे शिंपी होते. आयुष्यभर सुईशी खेळलेला माणूस, पण स्वतःच्या हातात सुई जाणार म्हणून डोळे गच्च मिटून बसलेला. धाकटी त्यांना म्हणाली, "काका, तुम्ही किती जणांना टाचण्या टोचल्या असतील मापं घेताना? आज एक परतफेड." म्हातारा हसला. अंगठी तिच्या हातात होती, ग्लोव्हच्या आत तिचा आकार दिसत होता. मला हायसं वाटलं, आणि संशय घेतल्याची थोडी लाजही वाटली.

शिंपीकाकांची शीर काही सापडेना. औषधाच्या सिरिंजवर आमच्याकडे एक जाड, जड धातूचं आवरण असतं, त्याला आम्ही चिलखत म्हणतो. ते किरण अडवतं. पण चिलखतातून सिरिंजमध्ये रक्त आलं की नाही ते धड दिसत नाही, आणि अवघड शिरेत ते दिसल्याशिवाय कळत नाही की सुई आत गेली का. धाकटीने काय केलं, तर सरळ चिलखत काढून बाजूला ठेवलं. उघडी सिरिंज बोटांत धरली आणि टोचलं. एका टोचणीत. मी दारात उभी राहून बघतेय, आणि माझं लक्ष तिच्या बोटाकडे गेलं. चकती वर होती. बोटाच्या पाठीला, नखाच्या बाजूला. सिरिंज तळव्याकडे आणि चकती पाठीकडे!

काका आत झोपायला गेल्यावर मी तिला सामानाच्या खोलीत ओढलं.

"अंगठी उलटी का घातलीस?"

"उलटी कुठे? बोटातच आहे ना."

"चकती तळव्याकडे पाहिजे. शिकवलं नव्हतं तुला?"

"तळव्याकडे घातली की ग्लोव्हच्या आत गाठ येते. मग बोटाला शीर लागत नाही, ताई. शीर काय डोळ्यांनी सापडते का? पहिल्यापासून अशीच घालते मी."

"पहिल्यापासून!" मी कपाळावर हात मारला. "अगं शहाणे, शेगडीसमोर हात धरलास तर चटका तळव्याला बसतो की हाताच्या पाठीला? तुझी चकती सावलीत बसून मजा बघतेय आणि बोटं भाजून घेतायत!"

तिने बोट उलटसुलट करून बघितलं. खोटं बोलणाऱ्यातली ती नाही, तिला खरंच ठाऊक नव्हतं. तिला वाटायचं, किरण म्हणजे काय, घरात शिरलेले पाहुणे. पुढच्या दाराने आले काय नि मागच्या दाराने आले काय, मोजदाद तीच. अशी चूक नवखा करत नाही. नवख्याला शिरेचं काही कळत नसतं, तो पुस्तकात सांगितलंय तशी अंगठी घालतो. अशी चूक होते ती ज्याच्या बोटाला डोळे फुटलेत त्याच्याच हातून.

मी तिला त्या दिवसापासून दोन अंगठ्या दिल्या. एकीची चकती तळव्याकडे, दुसरीची पाठीकडे. महिनाभर घाल, मग बघू खरं काय आहे ते. ती कुरकुरली, पण घातल्या. तो महिना मी डोळ्यांत तेल घालून तिच्याकडे बघत होते. त्यात मला आणखी एक गोष्ट दिसली आणि माझा पारा पुन्हा चढला. अवघड शिरांचे पेशंट तिच्याकडे यायचे, ते ठीक. पण चिमणीच्या पाळीचे सोपे पेशंटसुद्धा हीच टोचत होती. "चिमणे, तू जरा यंत्राकडे बघ," असं म्हणून तिला बाहेर काढायची. पैलवानाला "चहा घेऊन ये" म्हणायची आणि तो येईपर्यंत त्याचेही दोन उरकायची.

रात्रीची भांडी विसळताना मी तिला विचारलं. त्या दिवशी ती खाली आमच्याकडे जेवायला होती. ती अगदी सहज म्हणाली, "चिमणीचं लग्न आत्ता झालंय. तिला मूल हवंय. पैलवानाचं तर अजून व्हायचंय. माझी दोन्ही कॉलेजात आहेत. मला काय होणार आहे आता?"

"म्हणजे तू सगळ्यांच्या वाट्याचं घेतेस?"

"घ्यायला कुणीतरी लागतंच ना."

"तुला कुणी सांगितली ही वाटणी? त्या दोघांना विचारलंस? मला विचारलंस?"

"तुम्ही 'हो' म्हणाला असतात का?"

मी ताट इतक्या जोरात ठेवलं की आमचे हे बाहेरच्या खोलीतून "काय फुटलं?" म्हणून ओरडले. मला तिचा इतका राग आला होता, आणि त्याच वेळी तिला जवळ घ्यावंसं वाटत होतं. दोन्हीतलं काहीच केलं नाही. भांडी विसळत राहिले.

महिन्याने आकडे आले. तळव्याकडच्या चकतीवर पाठीकडच्यापेक्षा दुपटीहून जास्त. म्हणजे आजवरचे तिचे सगळे आकडे त्याच मापाने वाढवून धरायला हवेत. आणि बोटांच्या टोकांना तर त्याहून अधिक बसलेले असणार, कारण सिरिंज धरतात ती टोकं. मी गणित तीनतीनदा मांडलं, दर वेळी वाटायचं की आपलंच चुकलंय. कायद्याने जी मर्यादा आहे ती ओलांडलेली नव्हती, देवाची कृपा. पण आमच्या विभागाने सावधगिरीसाठी स्वतःची एक रेघ आखलीय, तिच्या ती बरीच पलीकडे गेली होती. त्या रेघेपलीकडे गेलं की वर्ष संपेपर्यंत औषधाच्या सिरिंजला हात लावायचा नाही. ती रेघ मीच आखून घेतलेली, मोठ्या डॉक्टरांशी भांडून.

संध्याकाळी भाऊजी जिन्यावरून खाली आले. माझा हा दीर म्हणजे देवमाणूस, पण विनोद केल्याशिवाय बोलता येत नाही. म्हणाला, "वहिनी, तिला टोचण्यावरून काढू नका. ती घरी मोकळी बसली तर मला टोचेल." मी हसले नाही. मग तोही हसायचा थांबला. "जेवली नाहीये. दुसरं काही येतच नाही मला, असं म्हणतेय. तिचं बरोबर नाही, पण तिला तसं वाटतंय." मी म्हटलं, "भाऊजी, तिची बोटं शाबूत राहिली पाहिजेत." तो म्हणाला, "ते मलाही हवंय. म्हणून तर तुम्हाला काढू नका म्हणायला आलो आणि म्हणवत नाहीये." आणि वर निघून गेला.

दुसऱ्या दिवशी मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत आम्ही तिघं. मी कागद पुढे ठेवला. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. माणूस वाईट नाही, पण धाकटी टोचण्यावर नसली तर विभाग लंगडा पडेल हे त्यांना दिसत होतं.

"मागचं मागे राहू द्या," ते मला म्हणाले. "नोंद झालेले आकडे आहेत तसे असू द्यात. इथून पुढे अंगठी नीट घालतील त्या. त्यांनाही तेच हवं असेल."

खरं सांगते, धाकटीचा रात्रीचा उपाशी चेहरा माझ्या डोळ्यासमोर होता. आयुष्यात पहिल्यांदा मी उत्तर द्यायला वेळ लावला. तेवढ्यात धाकटी बोलली.

"नाही सर. मॅडम म्हणतात तसं लिहा."

मला ती 'मॅडम' फक्त भांडताना म्हणते. पण या वेळी तिच्या आवाजात भांडण नव्हतं.

"कळतंय ना, तुम्हाला वर्ष संपेपर्यंत टोचता येणार नाही?"

"कळतंय. काल मी चिमणीचा हात बघितला, सर. तिनेही अंगठी उलटीच घातलीय. मी विचारलं, का गं? तर म्हणाली, तुमचा हात इतका चांगला, म्हणून तुम्ही करता तसंच सगळं करते. तिला दिवस गेलेत, सर. तिने अजून कुणाला सांगितलं नाही, मला सांगितलं. माझे आकडे खोटे राहिले तर तिचेही खोटेच राहतील. लिहा."

आणि उठून गेली. मोठे डॉक्टर कागदाकडे बघत राहिले, मग त्यांनी सही केली. मी बाहेर आले आणि पहिल्यांदा चिमणीला शोधून काढलं, तिला औषधाच्या खोलीतून हलवून यंत्राच्या बाहेरच्या टेबलावर बसवलं, आणि तिला बिचारीला वाटलं मी ओरडायला आलेय म्हणून ती रडायला लागली. मी म्हटलं, "अगं, अभिनंदन करतेय मी!" बहुधा तेही ओरडूनच म्हटलं असणार.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. धाकटी बाहेरच्या खिडकीत बसून पेशंटची नावं घ्यायला लागली. आत पैलवान टोचायचा. मुलगा गुणी आहे, पण अवघड शीर आली की घामाघूम. दोनदा, तीनदा टोचावं लागायचं. आतून एखादी बाई "आई गं" म्हणून ओरडली की खिडकीतल्या धाकटीचं पेन थांबायचं. लोक विचारायचे, "त्या बाई कुठेत?" आणि ती त्यांच्यासमोरच बसलेली असूनही मान खाली घालून म्हणायची, "त्या रजेवर आहेत." घरीही तिचं बोलणं संपलं. भाऊजीचे विनोद कुणी ऐकेना, म्हणजे परिस्थिती गंभीर होती.

मग एका सकाळी आतून पैलवानाचा रडवेला आवाज आला. एका आजींचे दोन्ही हात निळे झाले होते आणि शीर मिळत नव्हती. औषध शिशाच्या डब्यात तयार. आमचं औषध म्हणजे उन्हात ठेवलेला बर्फ. थांबलात की विरत जातं, दुपारपर्यंत त्यात काही उरत नाही. धाकटी खिडकीतून उठली. मी आडवी गेले. "कुठे?"

"बंदी औषधाला आहे ना? शिरेला तर नाही?"

तिने कपाटातून बारीक नळीवाली सुई काढली. दोन बाजूंना प्लास्टिकचे पंख असतात, म्हणून तिला आम्ही फुलपाखरू म्हणतो. मीच तिच्या मागे लागायचे, आधी नुसती ही सुई बसव, साध्या सलाईनने शीर तपास, मग औषध नळीतून सोड, चिलखत काढायची वेळच येणार नाही. तेव्हा ही काय म्हणायची? "ज्याचा हात लंगडा त्याला कुबडी!" आता तीच कुबडी घेऊन निघाली होती. आजींजवळ बसली, हात हातात घेतला, नातवंडांची चौकशी केली, आणि एका टोचणीत फुलपाखरू शिरेत बसवलं. चिकटपट्टी लावली. सलाईन सोडून बघितलं. मग उठली आणि पैलवानाला म्हणाली, "घे. आता नुसतं ढकलायचं आणि निघायचं." आणि दाराबाहेर आली. चिलखत सिरिंजवरच राहिलं. औषध गेलं की पेशंटच्या अंगातूनच किरण यायला लागतात, जवळ रेंगाळायचं नसतं; पैलवानाला आत जाऊन यायला जेमतेम एक श्वास पुरला असेल.

मी बघतच राहिले. तिची कला होती ती शीर शोधण्यात, आणि शीर शोधताना किरणांचा थेंबही नसतो! जे किरण होते ते नुसते ढकलण्यात, आणि ढकलायला काय, कुणीही ढकलेल. आम्ही दोन्ही कामं एकाच हातात इतकी वर्षं बांधून ठेवली होती, कारण तो हात चांगला होता.

"सुंठीवाचून खोकला गेला," मी म्हटलं.

"सुंठ तुम्हीच देत होतात," ती म्हणाली. "मीच तोंड उघडत नव्हते." त्या दिवशी ती जेवली.

तिथून पुढे तोच रिवाज पडला. शीर धाकटी शोधणार, औषध पैलवान सोडणार, नव्याने आलेली एक मदतनीस शिकली की तीही. धाकटीला पुन्हा रंग चढला. पण मी ओळखून होते, तिच्या मनात एक काटा होता. पैलवान आत जायचा तेव्हा ती दाराशी उभी राहून ओठ चावायची. कारण आता तिच्या वाट्याचं दुसरं कुणीतरी घेत होतं, आणि ते तिला सहन होत नव्हतं.

तो काटा बाहेर आला पावणेदहाच्या सुमाराला, एका भलत्याच गडबडीच्या दिवशी. पैलवान तापाने घरी. नवी मदतनीस अजून शिकत होती. चिमणीचं पोट दिसायला लागलेलं. खोलीत एक बस कंडक्टर बाई, फुलपाखरू धाकटीने बसवलेलं, औषध तयार. त्या बाईंची तपासणी यंत्र बिघडलं म्हणून एकदा पुढे ढकलली होती; सर्जन चित्रासाठी खोळंबले होते. आज झालं नाही तर ऑपरेशन पुन्हा लांबणार. औषध डब्यात विरत होतं.

धाकटीने ग्लोव्ह चढवले.

"हात लावलास तर बघ," मी म्हटलं.

"एकदाच, ताई. कुणाला कळणारे?"

"मला."

"मग काय करायचं? त्या बाईंना घरी पाठवायचं?"

मी बाही वर केली, हात धुतले, चकती तळव्याकडे करून अंगठी घातली आणि ग्लोव्ह चढवले. ती माझ्याकडे बघत राहिली. "तुम्ही? किती वर्षं झाली तुम्हाला!"

"ढकलायला काय, कुणीही ढकलेल."

"ताई, नको. तुमचं वय—"

"माझं वय काढू नकोस, सिरिंज चुकेल."

शिशाच्या डब्यातून सिरिंज उचलली, चिलखताचं वजन मनगटाला आठवलं. आत गेले. कंडक्टर बाई म्हणाल्या, "आधीच्या बाई कुठे गेल्या?" मी म्हटलं, "दारात आहेत, बघा." धाकटी दारात उभी होती, दोन्ही हात चौकटीला गच्च धरून.

"नळी घट्ट बसवा," ती तिथून सांगत होती. "फिरवा. आणखी. आता सावकाश दाबा. सावकाश म्हटलं! आता सलाईन. झालं. निघा."

मी निघणार, तेवढ्यात कंडक्टर बाईंनी माझं बोट धरलं. "दुखणार नाही ना हो पुढे?" इतका साधा प्रश्न. त्याला उत्तर न देता कसं निघायचं? मी वाकून सांगायला लागले की आता फक्त पडून राहायचं, बोलायचं नाही, थंडी वाजली तर बेल वाजवा.

"ताई! बाहेर या!"

असा आवाज मी तिचा कधी ऐकला नव्हता. ती ओरडत होती आणि रडत होती. मी बोट सोडवलं आणि बाहेर आले. तिने माझ्या दंडाला धरून मला भिंतीपर्यंत ओढत नेलं.

"थांबायची काय गरज होती? काय गरज होती आत थांबायची? सांगून यायचं दारातून! तुम्हाला काही झालं असतं म्हणजे?"

"काही होत नाही एवढ्याने. तुला माहितीये."

"मला माहितीये! पण मी इथे उभी, आणि तुम्ही तिथे आत, आणि मी काही करू शकत नाही..."

 मी तिचे ग्लोव्ह काढले, तिच्याच खिशातला रुमाल तिच्या हातात दिला.

"बाई गं," मी म्हटलं, "मी इतकी वर्षं रोज याच दारात उभी राहून तुला बघतेय."

तिने रुमाल तोंडावर धरला. आत कंडक्टर बाईंनी बेल वाजवली. थंडी वाजत होती. आम्ही दोघींनी मिळून मदतनीसला पांघरूण घेऊन आत पाठवलं, आणि टाकून लगेच बाहेर ये, असं दोघीही एकदमच ओरडलो.